प्रियकर गेल्यानंतर

लुटलेली बँक मागे, मोकळा मुलूख पुढे आणि मधे भरधाव निघालेलं एक जोडपं. अमेरिकेने जगाला दिलेल्या गोष्टींत ही गोष्ट फार टिकली. तिची मुळं सरहद्दीच्या काळात आहेत. 1866च्या फेब्रुवारीत मिसुरी राज्यातल्या लिबर्टी गावची बँक भरदिवसा लुटली गेली आणि जेसी जेम्सच्या टोळीचं नाव त्या दरोड्याशी कायमचं जोडलं गेलं. बँका आणि आगगाड्या लुटणाऱ्या टोळीतला सनडान्स किड 1901 साली एट्टा प्लेस नावाच्या तरुणीला घेऊन न्यूयॉर्कहून बोटीने अर्जेंटिनाला गेला. तिचं खरं नावसुद्धा इतिहासाला ठाऊक नाही आणि किडच्या आधीच ती कागदपत्रांतून नाहीशी होते. बॉनी पार्कर आणि क्लाइड बॅरो हे सरहद्द संपल्यानंतरचे. पण 23 मे 1934 रोजी लुइझियानातल्या एका रस्त्यावर, फोर्ड गाडीत, दोघं एकाच वेळी पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली आणि गोष्टीचा शेवट पक्का झाला: एकत्र जगायचं, एकत्र मरायचं. त्या दोघांनी बँकांपेक्षा किराणा दुकानं आणि पेट्रोलपंपच जास्त लुटले, हा तपशील त्या शेवटापुढे कुणाच्या लक्षात राहत नाही.

ही गोष्ट चंबळच्या खोऱ्यावर बसवून पाहण्याचा मोह आपल्याकडे वर्तमानपत्रांना, सिनेमाला आणि वाचकांनाही वारंवार झाला. सुलताना आणि पुतलीबाई, विक्रम मल्लाह आणि फुलनदेवी अशा जोड्या लावल्या गेल्या. त्या जोड्या खोट्या नाहीत. तरी मुरैना, भिंड, इटावा, जालौन या पट्ट्यातल्या घटना सनावळीने पुढ्यात मांडल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. अमेरिकी कथा जिथे संपते तिथे इथल्या बाईची कथा सुरू होते. प्रियकर पडतो, आणि मग तिचं नाव होतं. प्रेमापायी बाई बागी झाली, असं गृहीत धरून जे लिहिलं गेलं आहे ते माझ्या मते उलट्या टोकाकडून वाचायला हवं.

आधी 'दोघं' या शब्दाचा विचार करू. भारतीय दंड संहितेच्या 391व्या कलमानुसार दरोडा ठरायला किमान पाच माणसं लागत. 2024मध्ये लागू झालेल्या न्याय संहितेतही आकडा पाचच आहे. दोघांनी मिळून लुटलं तर ती जबरी चोरी. कायद्याची ही व्याख्या बीहडातल्या जगण्याशी नेमकी जुळते. चंबळ आणि तिला मिळणाऱ्या नद्यांनी पोखरलेल्या मातीच्या या घळी मैलोन्मैल पसरल्या आहेत. त्यांत टिकायचं तर टेकाडावर पहाऱ्याला माणूस लागतो, गावातून पीठमीठ आणायला माणूस लागतो, मुखबीर म्हणजे खबऱ्या कोण झालाय याचा माग काढायला माणूस लागतो. मोटार नाही, बहुतेक वाटचाल पायी आणि रात्रीची. इथे जोडप्याला दोघांच्या बळावर आठवडाही काढता येणार नाही. बँकेचंही तसंच. बँक तालुक्याच्या गावी, बहुधा ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि तिजोरीला रडणारा बाप नसतो. टोळ्यांचं खरं उत्पन्न 'पकड'मधून यायचं. सावकाराचा, व्यापाऱ्याचा किंवा बड्या शेतकऱ्याचा मुलगा उचलायचा, बीहडात आठवडेच्या आठवडे ठेवायचा आणि मध्यस्थ घालून सौदा करायचा. कुणाच्या घरात किती रोकड आहे, कुणाची जमीन नुकतीच विकली गेली, हे गावातलाच माणूस सांगणार. मध्य प्रदेश विधानसभेने 1981 साली केलेल्या कायद्याचं नावच 'डकैती और व्यपहरण प्रभावित क्षेत्र अधिनियम' असं आहे.  भोपाळच्या आमदारांना दरोड्याच्या शेजारी अपहरण हा शब्द कायद्याच्या नावातच बसवावा लागला, यावरून या धंद्याचं स्वरूप कळतं.

अशी टोळी जातीवर, नात्यावर आणि गावकीवर उभी असते. तिच्यातल्या पुरुषाला भाऊबंद असतात, आश्रय देणारे सोयरे असतात. बाई मात्र बहुधा उचलून आणलेली असते. टोळीत तिचं नातं एकाच माणसाशी जोडलेलं असतं, आणि त्या एका नात्यावर तिची भाकरी, तिची अब्रू आणि तिचा जीव अवलंबून असतो.

पुतलीबाईचं मूळ नाव गौहरबानो. मुरैनाकडच्या अंबाह भागातली, नाचगाण्यावर पोट असलेल्या घरातली मुलगी. सुलताना गुर्जरने तिला उचलून बीहडात नेलं. पुढे तिचा जीव त्याच्यावर जडला, मुलगीही झाली. मधे ती घरी परतली होती, पण पोलिसांच्या चौकशीचा जाच असा मागे लागला की तिने बीहडाचीच वाट पुन्हा धरली, असं तिच्या चरित्रात सांगितलं जातं. 1955 साली सुलताना मारला गेला. तोवर ती टोळीप्रमुखाची बाई होती. जिचं नाव घेताच गावं दारं लावून घेत ती पुतलीबाई यानंतरच्या तीन वर्षांतली आहे. गोळी लागून तिचा एक हात गेला. एका हाताने बंदूक पेलायची म्हणजे नळी टेकायला दगड हवा, बांध हवा, कुणाचा तरी खांदा हवा. तरीही ती टोळीत राहिली, पुढे राहिली, आणि 1958च्या जानेवारीत चकमकीत मारली गेली. सुलतानासोबतची वर्षं प्रेमाची होती असं मानलं तरी तिच्या नावाची वर्षं त्याच्या पश्चातली आहेत.

फुलनदेवीची सनावळी याहून स्पष्ट आहे. 1963 साली जालौन जिल्ह्यातल्या गोऱ्हा का पुरवा या गावी मल्लाहाच्या घरात जन्म. बापाच्या जमिनीवर चुलतभावाने कब्जा केला होता आणि ही पोर त्याच्याशी उघड भांडायला उभी राहिली. वयाने तिप्पट मोठ्या पुरुषाशी लग्न लावून तिला घालवून देण्यात आलं; ती परत आली, पुन्हा भांडली, कोठडीत गेली. 1979मध्ये बाबू गुर्जरच्या टोळीने तिला पळवलं. बाबूच्या अत्याचारातून सोडवलं ते त्याच टोळीतल्या विक्रम मल्लाहने, त्याला गोळी घालून. विक्रम तिच्या जातीचा होता आणि त्याने तिच्या हाती बंदूक दिली. ही सोबत जेमतेम वर्षभराची. 1980च्या ऑगस्टमध्ये श्रीराम आणि लालाराम या ठाकूर भावांनी विक्रमला मारलं आणि तिला बेहमई गावात डांबून तिच्यावर अत्याचार केले. तिथून निसटल्यानंतर मानसिंग नावाच्या बागीच्या साथीने टोळी उभी राहिली. ज्या काळामुळे जग तिला ओळखतं तो विक्रमच्या मृत्यूपासून शरणागतीपर्यंतचा अडीच वर्षांचा काळ आहे.

या मांडणीवर पहिला आक्षेप अमेरिकेतूनच येईल. बेल स्टारचं काय? तिचा पहिला नवरा जिम रीड 1874 साली मारला गेला, सॅम स्टार 1886 साली, आणि ती त्यांच्या मागे जगली. पण न्यायालयाच्या दप्तरात तिच्या नावावर काय आहे ते पाहावं. 1883 साली न्यायाधीश आयझॅक पार्करने तिला शिक्षा दिली ती घोडाचोरीची, आणि तीही सॅमसोबत. बाकीचं रचलं गेलं ते 1889 साली तिला पाठीमागून गोळी घातली गेल्यावर. न्यूयॉर्कच्या रिचर्ड फॉक्सने त्याच वर्षी पंचवीस सेंटांना एक पुस्तक बाजारात आणलं आणि त्याच्या नावात तिला 'बँडिट क्वीन' हा किताब दिला. जवळपास शंभर वर्षांनी फुलनदेवीला तोच किताब मिळाला. 1994च्या सिनेमाचं नावही तेच, आणि त्या सिनेमाविरुद्ध तिने दिल्लीच्या उच्च न्यायालयात धाव घेतली. हिंदी वर्तमानपत्रांनी आपल्या बाजूने 'दस्यु सुंदरी' हा शब्द घडवला. दोन्ही शब्दांत बाईचं काम झाकून तिचं बाईपण पुढे आणलेलं आहे. चंबळमध्ये मात्र 'डाकू' हा शब्दही बाहेरचा. तिथले लोक 'बागी' म्हणतात, आणि बागी या शब्दाला सौंदर्याशी काही देणंघेणं नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फुलनदेवीने स्वतः विक्रमविषयी नेहमी मायेने सांगितलं. मग तिचं प्रेम बाजूला सारणारे आपण कोण? हा प्रश्न रास्त आहे, आणि ते प्रेम मला खरंच वाटतं. आधीच्या सगळ्या आयुष्यात तिच्यावर हक्क सांगणारे पुरुष भेटले. तिच्या बाजूने बंदूक उचलणारा हा पहिला. अशा माणसाविषयी माया वाटली नाही तरच नवल. पण बीहडाबाहेर पडायची वाट बंद असताना, एका पुरुषाच्या छायेत किंवा टोळीतल्या सगळ्यांच्या तावडीत, एवढ्या दोनच पर्यायांतून ते नातं उगवलं, हेही तितकंच खरं. प्रेम तिला बीहडात घेऊन गेलं नाही. बीहडात नेऊन टाकल्यावर ते तिला सापडलं. सीमा परिहारची कथा माझ्या सूत्रात पूर्ण बसत नाही, हे मान्य करायला हवं: तेरा वर्षांची असताना तिला पळवलं गेलं, तिने अनेक वर्षं बीहडात काढली, आणि 2000 साली तिचा प्रियकर, तोच लालाराम, मारला गेल्यावर त्याच वर्षी ती शरण आली. पण तिथेही कथेची सुरुवात पळवण्यापासून होते, आणि प्रियकराच्या मृत्यूनंतर त्याच्यासोबत मरण्याऐवजी जगण्याची वाट ती स्वतः धरते.

पुरुषाच्या पश्चात बाईच्या हाती सत्ता येणं, हे भोपाळला तरी नवं नसावं. 1819 साली नवाब नजर मुहम्मद पिस्तुलाच्या गोळीने गेला तेव्हा त्याची पत्नी कुदसिया बेगम अठरा-एकोणीस वर्षांची होती. पदरी तान्ही मुलगी, दरबारात हक्क सांगणारे पुरुष, आणि तरीही तिने राज्यकारभार हाती घेतला. तिच्यापासून सुलतानजहांपर्यंतच्या शतकाहून अधिक काळात, मधली काही वर्षं सोडली तर, या शहरावर बेगमांचं राज्य होतं. कुदसियामागे घराण्याचा वारसा होता आणि कंपनी सरकारची मान्यताही होती. पुतलीच्या आणि फुलनच्या मागे यातलं काहीच नव्हतं. म्हणूनच त्यांची तुलना मला उलट दिशेने महत्त्वाची वाटते. वारशाशिवाय, नात्यागोत्याशिवाय बंदुकधारी पुरुष ज्या बाईचा हुकूम मानतात, तिला कुणाची तरी प्रेयसी एवढीच ओळख देणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप टाळता येणार नाही. 14 फेब्रुवारी 1981 रोजी बेहमईत 20 पुरुष रांगेत उभे करून मारले गेले. आपण गोळ्या झाडल्या नाहीत असं फुलनदेवी पुढे सांगत राहिली, पण ती टोळी तिची होती. त्या 20 जणांच्या विधवांनी निकालाची वाट 43 वर्षं पाहिली. 2024च्या फेब्रुवारीत कानपूर देहातच्या न्यायालयाने एका आरोपीला जन्मठेप दिली, एकाला सोडलं, बाकीचे तोवर मरून गेले होते किंवा सापडलेच नव्हते. माझा मुद्दा तिला निर्दोष ठरवण्याचा नाही, उलट आहे. प्रियकराच्या मृत्यूने वेडी झालेली बाई, असं म्हटलं की बेहमईचा जाब कुणालाच द्यावा लागत नाही. टोळीची प्रमुख म्हटलं की द्यावा लागतो. प्रेमकथा तिची कर्तबगारी झाकते, तसा तिचा गुन्हाही झाकते.

सरकारने तिला काय मानलं, ते शरणागतीच्या वाटाघाटींत दिसतं. 1960च्या मे महिन्यात विनोबा भावे भिंड-मुरैनात पायी फिरले आणि 20 बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. तेव्हा मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी, आणि शरण आलेल्यांचा असा गौरव त्यांना अजिबात पटला नव्हता. 1972 साली जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्यासारखे शेकडो शरण आले. या सगळ्या वेळी बोलणी टोळीच्या पुरुष प्रमुखांशी झाली. 1983 साली भिंडचे पोलीस अधीक्षक राजेंद्र चतुर्वेदी बोलणी करायला गेले ते फुलनदेवीशी. टोळीत मानसिंग होता, तोही तिच्यासोबत शरण आला, पण अटी तिच्या होत्या.

12 फेब्रुवारीला भिंडच्या व्यासपीठावर ती चढली तेव्हा अंगात खाकी कपडे, खांद्यावर लाल शाल, कपाळाला लाल पट्टी आणि हातात रायफल होती. 'दस्यु सुंदरी' पाहायला जमलेल्या हजारोंपुढे एक ठेंगणी, थकलेली, विशीही न उलटलेली मुलगी उभी होती. तिने गांधीजींच्या आणि दुर्गेच्या तसबिरीपुढे रायफल ठेवली आणि मुख्यमंत्री अर्जुनसिंग यांच्यापुढे हात जोडले. अटी आधीच मान्य झाल्या होत्या: कुणालाही फाशी नको, शिक्षा आठ वर्षांच्या वर नको, उत्तर प्रदेशच्या पोलिसांच्या हवाली करायचं नाही. आठाची अकरा वर्षं झाली, तीही खटल्याविना, हा पुढचा भाग. त्याच यादीत भावाला नोकरी हवी होती. आणि जमीन हवी होती, बापाच्या हातून गेलेली, जिच्यासाठी ती विक्रमला भेटण्याच्या कितीतरी आधी, पोरवयात, चुलतभावाशी भांडली होती.