दुसरी किल्ली

‘मानपाड्याला राहतो’ असे कुणी म्हटले की आमच्या ठाणे जिल्ह्यात लगेच विचारतात, ‘कुठल्या मानपाड्याला?’ एक मानपाडा ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर आहे, दुसरा डोंबिवली पूर्वेला. आज बोलायचे आहे ते डोंबिवलीच्या मानपाड्याविषयी आणि त्या नावाच्या रस्त्याविषयी. चार रस्त्यावरून पुढे जात हा मानपाडा रोड कल्याण-शीळ रस्त्याला मिळतो. त्याच्या दोन्ही अंगांना काय नाही? औषधांची दुकाने, स्टेशनरी, पोळीभाजी केंद्रे, साड्या, सराफ, मोबाइल दुरुस्ती. आणि जवळच एमआयडीसीतले लहानमोठे कारखाने. बहुतेक दुकानांत मालक एक आणि कामाला माणसे दोन-तीन. संध्याकाळच्या लोकलची गर्दी घराकडे वळते तेव्हा या रस्त्यावर गल्ले भरतात, आणि नऊ-दहाच्या सुमाराला शटरांचा खडखडाट सुरू होतो.

याच मानपाड्यात जुलै २०२२ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या शाखेतून सुमारे १२ कोटी रुपये गेले. सिनेमात दाखवतात तसे भुयार खणलेले नव्हते, तोंडाला फडकी बांधलेली टोळीही नव्हती. रोकड सांभाळण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्या कर्मचाऱ्यालाच पोलिसांनी पुढे पुण्यात अटक केली. सुरक्षाव्यवस्थेतल्या फटी त्याने बराच काळ न्याहाळल्या होत्या, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्याआधी जून २०१६ मध्ये ठाण्यात तीन हात नाक्याजवळ बँकांची रोकड हाताळणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयावर पहाटे दरोडा पडला आणि ९ कोटींहून अधिक रक्कम लुटली गेली. तिथेही आतल्या माहितगारांचा हात असल्याचे तपासात पुढे आले.

अशा बातम्या वाचल्या की आपला दुकानदार पहिल्यांदा काय करतो? कॅमेरा बसवतो. दुसऱ्यांदा नोकरांकडे संशयाने पाहू लागतो. कॅमेरा जरूर बसवावा, त्याचे चित्रण साठते की नाही हेही अधूनमधून तपासावे. पण तो झालेली चोरी दाखवतो, होणारी थांबवतोच असे नाही. आणि संशयाचा तर उपयोग शून्य. ज्याच्यावर संशय घ्यावा असा माणूस सहसा चोरी करीत नाही. त्याला किल्ली देतो कोण?

बँकेच्या नोकरीत मी तीसहून अधिक वर्षे काढली. तिजोरीच्या बाबतीत बँकांचा एक जुना नियम आहे. त्याला ‘जॉइंट कस्टडी’ म्हणतात, म्हणजे संयुक्त ताबा. तिजोरीला दोन किल्ल्या. एक हेडकॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे हजर असल्याखेरीज दार उघडत नाही. किल्ल्यांची जादा जोडी शाखेत न ठेवता दुसरीकडे जमा करायची आणि किल्ली हातातून हातात गेली की रजिस्टरात सही करायची. नोकरीच्या सुरुवातीला मी आमच्या हेडकॅशियरना विचारले होते, ‘तुमच्यासारख्या माणसावर बँकेचा विश्वास नाही, याचे तुम्हाला वाईट नाही वाटत?’ ते हसले. म्हणाले, ‘साहेब, ती दुसरी किल्ली माझ्यावर नजर ठेवायला नाही. उद्या आत शंभराची एक नोट कमी भरली, तर एकटा मी चोर ठरू नये म्हणून आहे ती!’

सगळ्या सुरक्षेचे मर्म मला या उत्तरात दिसते. दुसरी किल्ली अप्रामाणिक माणसाला अडवते हे खरेच, पण प्रामाणिक माणसाच्या ती पाठीशी उभी राहते. कर्मचाऱ्याला मोहासमोर एकटे सोडू नये आणि धोक्यासमोरही एकटे सोडू नये, एवढेच मालकाचे खरे काम. बाकी कुलपे, कॅमेरे, भोंगे हे त्याचे तपशील.

छोट्या दुकानात हे कसे करायचे? तिथे कुठला हेडकॅशियर आणि कुठला अधिकारी! पण थोडे करता येते. माल ज्याने घेतला त्यानेच बिल मंजूर करू नये. रात्री गल्ला दोघांनी मोजावा, आकडा वहीत लिहून दोघांनी सही करावी. पाच मिनिटांचे काम आहे. महिन्यातून एखाद्या दिवशी, न सांगता, मालकाने कपाटातला माल आणि वही ताडून पाहावी. सगळ्यांच्या देखत आणि हसतखेळत, म्हणजे कुणा एकाला ते लागत नाही. आणि ‘आमचा मुलगा सात वर्षांत एक दिवस रजेवर गेलेला नाही’ असे कौतुकाने सांगणारे दुकानदार भेटतात, तेव्हा माझ्यातला जुना बँकवाला कान टवकारतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितले, की नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दहा कामाचे दिवस सलग आणि पूर्वसूचना न देता रजेवर पाठवा. कारण एकाच्या टेबलावर दुसरा बसला की लपलेले वर येते. दुकानातल्या मुलालाही वर्षातून आठवडाभर गावी जाऊ द्यावे. त्याचे आईवडील दुवा देतील आणि हिशेबही आपोआप तपासला जाईल.

आता दुसरी बाजू. २९ जुलै २०२१ रोजी विरार पूर्वेच्या एका बँकशाखेत रात्री आठच्या सुमाराला दोन महिला कर्मचारी काम आवरत होत्या. ग्राहक गेलेले होते. शाखेचाच माजी व्यवस्थापक आत आला आणि चाकूने हल्ला झाला. एक जण प्राणाला मुकली, दुसरी गंभीर जखमी झाली. पळणाऱ्याला आसपासच्या लोकांनी पकडले. ही बातमी वाचून त्या रात्री मला झोप आली नाही. आत शिरलेला माणूस अनोळखी नव्हता. शाखेची वेळ, दार, रिवाज सारे त्याला पाठ होते. आणि आत होत्या फक्त दोघी.

दुकानाचे सर्वांत नाजूक क्षण दोन: सकाळी उघडण्याचा आणि रात्री बंद करण्याचा. शटरचे खालचे कुलूप लावताना माणूस वाकलेला असतो, पाठ रस्त्याकडे, पिशवी बाजूला जमिनीवर. आपल्या रस्त्यावर रोज रात्री हे दृश्य दिसते. त्या वेळी दुसरा माणूस रस्त्याकडे तोंड करून उभा हवा. दोघे नसतील तर शेजारच्या दुकानदाराशी बोलून दोन्ही शटर एकाच वेळी ओढावीत. शेजारधर्माला याहून सोपे काम नाही. गल्ल्यात लागेल तेवढीच रोकड ठेवून बाकीची दिवसातून दोन-तीनदा आतल्या पेटीत टाकावी. बँकेत भरणा करायला तोच मुलगा, त्याच वेळी, तीच पिशवी घेऊन, त्याच गल्लीतून रोज जाऊ नये. नोकरी सोडून गेलेल्याकडून किल्ली परत घ्यावी, आणि ती सापडत नसेल तर कुलूप बदलावे. कुलपाचे चार पैसे वाचवणारा मालक बाकी कितीही हिशेबी असो, इथे चुकतो.

पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट फुकट आहे. कामावर ठेवतानाच प्रत्येकाला स्पष्ट शब्दांत सांगावे: ‘कुणी चाकू दाखवला तर गल्ला देऊन टाक. पाठलाग करू नकोस. चेहरा, कपडे, गाडी लक्षात ठेव, तो गेल्यावर दार लाव आणि ११२ ला फोन कर.’ हे सांगितले नाही तर वीस वर्षांचा पोर मालकाच्या चार हजारांसाठी छातीवर वार घेतो. पैशासाठी विमा असतो. दुकानातल्या आणि नेत्या-आणत्या रोकडीचा असतो, घरफोडीचा असतो, कर्मचाऱ्याच्या अफरातफरीचाही असतो. त्याला फिडेलिटी गॅरंटी म्हणतात. त्याच्या अटी मात्र पॉलिसी घेतानाच वाचाव्यात, दावा करताना नव्हे.

अलीकडे गल्ला मोबाइलमध्ये गेला आहे आणि चोरही मागोमाग गेले आहेत. पैसे पाठवल्याचे खोटे चित्र दाखवून माल नेणारे, दुकानाच्या क्यूआर कोडवर स्वतःच्या खात्याचा कोड चिकटवून जाणारे, असे प्रकार आता नवे राहिलेले नाहीत. पैसे आल्याचा आवाज आपल्या यंत्रातून आला किंवा आपल्या खात्यात रक्कम दिसली तरच माल द्यावा. कोडचा कागद रोज सकाळी नजरेखालून घालावा. फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० वर तक्रार करावी. या फसवणुकीचा फटका बऱ्याचदा कुणाला बसतो ठाऊक आहे? काउंटरवरच्या मुलाला! महिनाअखेरीस त्याच्या पगारातून रक्कम कापली जाते. नुकसान त्याच्याच हयगयीने झाले असेल आणि त्याला आपले म्हणणे मांडायची संधी दिली असेल, तरच अशी वजावट करता येते, असे कायदा सांगतो. मुलाला यंत्र न देता, काय पाहायचे हे न शिकवता फसवणुकीची भरपाई त्याच्याकडून घ्यायची, हा कुठला न्याय?

वर्गणीच्या पावतीपुस्तकाची गोष्ट थोडक्यात सांगतो. खुशीची वर्गणी वेगळी आणि धमकी देऊन घेतलेली रक्कम वेगळी. दुसरीला खंडणी म्हणतात आणि तो गुन्हा आहे. अशा माणसाशी वाद घालायला काउंटरवरच्या मुलाला पुढे करू नये. ‘मालकांशी बोला’ एवढेच त्याने म्हणावे. पुढचे मालकाने पाहावे. शक्यतो एकट्याने नव्हे, तर आसपासच्या व्यापाऱ्यांना बरोबर घेऊन आणि लेखी तक्रार करून.

दुकानात मुली काम करीत असतील तर आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. आणि संमती असली तरी तिची सुरक्षितता आणि घराच्या दारापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. धोका रस्त्यावरूनच येतो असे नाही, तो कधी काउंटरच्या आतही असतो.

एवढे करूनही चोरी होऊ शकते. तेव्हा मालकाची खरी कसोटी लागते. पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नये हे बहुतेकांना ठाऊक असते. पण थरथरत बसलेल्या मुलाला आधी पाणी द्यावे, लागले असेल तर डॉक्टरकडे न्यावे, त्याच्या घरी कळवावे आणि पोलीस ठाण्यात त्याच्याबरोबर स्वतः जाऊन बसावे, हे सुचत नाही. तो साक्षीदार असतो. चार माणसांत ‘तू कुठे होतास?’ असे एकदा दरडावून विचारले की तो आयुष्यभरासाठी आरोपी होऊन बसतो, मग चोर पुढे सापडो वा न सापडो. तपास पोलिसांनी करावा. मालकाने त्या दिवशी त्याच्याजवळची खुर्ची सोडू नये.

दुकानदारीत उधार-उसनवार, तेजी-मंदी, नफा-तोटा चालायचाच. गेलेला माल पुन्हा भरता येतो, फुटलेली काच बदलता येते. रात्री साडेदहाच्या गाडीने टिटवाळ्याला किंवा बदलापूरला जाणारा मुलगा सुखरूप घरी पोहोचला, त्याच्या नावाला बट्टा लागला नाही, तर त्या दिवसाचा हिशेब जुळला असे समजावे. मग वहीत किरकोळ फरक आला तरी तो उद्या सकाळी दोघांनी मिळून शोधता येईल.