देवणीची गाय, क्रमांक 03005

लातूर जिल्ह्यातलं देवणी हे तालुक्याचं गाव. इकडे उदगीर, तिकडे निलंगा, आणि पलीकडे लगेच बिदर. इथल्या बाजारात देवणी जनावर ओळखायला कागद लागत नाही. फुगीर कपाळ, लांब लोंबते कान, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. दूधही देणार आणि बैल औतालाही चालणार. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या ऑनलाइन यादीत मात्र ही सगळी गुरं एका ओळीत बसतात: इंडिया, कॅटल, 1108, देवणी, 03005.

ही ओळ उलगडून वाचण्यासारखी आहे. 11 म्हणजे महाराष्ट्र, 08 म्हणजे कर्नाटक. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच होते. राज्यं वेगळी झाली, चराईचा मुलूख तोच राहिला; म्हणून एका गाईला दोन राज्यांचे आकडे. पुढचा 03 गोवंशाचा. उरलेल्या 005 बद्दल देवणीकरांनी मिशीला पीळ देऊ नये, तो गुणानुक्रम नाही. जुन्या, आधीच प्रसिद्ध असलेल्या तीस जातींना इंग्रजी वर्णक्रमाने आकडे मिळाले. अमृतमहाल पहिली, डांगी चौथी, देवणी पाचवी. शेजारच्या नांदेडची लाल कंधारी इंग्रजीत ‘रेड कंधारी’, त्यामुळेच थेट 24 वर. योगायोग असा, की यादीत देवणीच्या अगदी आधी उभी असलेली डांगी हीच, गीर आणि गावरान गुरांसोबत, तिची पूर्वज मानली जाते.

ब्युरोची स्थापना 1984 ची. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने नव्या जातींच्या नोंदणीची रीतसर पद्धत 2007 पासून सुरू केली. नाव, आढळाचा प्रदेश, संख्या, रंग, शिंगं, अंगाची मोजमापं, उपयोग, असं सगळं जमवून द्यावं लागतं. मग ती माहिती इंटरनेटवर जगाला खुली होते. जागतिक अन्न व कृषी संघटनेचाही पाळीव जनावरांच्या जातींचा असाच कोश आहे. रोममध्ये बसलेला अभ्यासक त्यातून देवणीची माहिती काढू शकतो.

पण गावातला जाणता शेतकरी नुसतं ‘देवणी’ म्हणून थांबत नाही. अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजूला काळं, तो वानेरा. पांढऱ्यावर वेडेवाकडे काळे पट्टे-ठिपके, तो शेवरा. वरचं अंग स्वच्छ पांढरं आणि काळे ठिपके फक्त खालच्या बाजूला, तो बालंक्या. ब्युरोच्या वर्णनात हे तिन्ही प्रकार आहेत, क्रमांक मात्र तिघांत मिळून एक.

ही बाब मला किरकोळ वाटत नाही. 2019 च्या पशुगणनेत प्रगणक टॅब्लेट घेऊन गोठ्यागोठ्यांत गेले, जातवार आकडे निघाले. आता जनावराच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला असतो, त्यावरून लसीकरण आणि रेतनाच्या नोंदी संगणकात चढतात. या सगळ्यात जातीच्या रकान्यात येतं ते एकच नाव. उद्या बालंक्या संपला आणि तेवढेच शेवरे वाढले, तर देवणीचा एकूण आकडा जागचा हलणारही नाही. यादी बरोबरच राहील आणि एक प्रकार गेलेला असेल.

उपाय करायला नवीन खातं उघडावं लागत नाही. जैवविविधता कायदा 2002 चा. त्याखाली गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या असतात, त्यांनी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, आणि तिच्यात रानातल्या झाडापाखरांबरोबर पाळीव जनावरंही येतात. देवणी तालुक्यातल्या समित्यांनी वानेरा, शेवरा, बालंक्या असे तीन वेगळे रकाने आखून दर गणनेच्या वर्षी गोठे मोजावेत. मोजणाऱ्याला प्रशिक्षण द्यायचं ते उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने, आणि सोबत बाजारातला एखादा जुना दलाल असला तर बरं.