तोंडाचा कर्करोग : न दुखणारी खूण

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. वैद्यक आम्ही शिकलेलो नाही. परंतु ज्या रोगाने कमावता माणूस घरी बसतो, त्याची माहिती करून घेणे व देणे हेही संघटनेचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

रात्रपाळीत डोळा लागू लागला, भूक मारायची झाली, की कामगार तंबाखूचा बार भरतो. घरात बायका मिश्री लावतात. बार ज्या जागी रोज धरावा, पुष्कळदा तेथेच रोग उगवतो. तंबाखूत कर्करोग उत्पन्न करणारी द्रव्ये असतात. सुपारी मात्र निरुपद्रवी, अशी समजूत आहे; ती चुकीची होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीही कर्करोगकारक ठरविली. विडी व दारू यांची जोड मिळाली की धोका आणखी वाढतो. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण सरकारी हुकूम कोणाच्या तोंडात डोकावून पाहत नाही. ते आपणच केले पाहिजे.

हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही. गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखटाने होणारी आग, तोंडात तीन बोटे उभी न मावणे, मानेत गाठ, या त्याच्या खुणा. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो. तुकडा काढून तपासल्यावरच निदान पक्के होते. पण कामगार म्हणतो, "दुखत नाही, मग खाडा कशाला?" रोजावर पोट असलेल्याचा हा हिशेब खोटा नव्हे, अपुरा आहे. लवकर सापडला तर हा रोग बरा होण्याची आशा मोठी असते. उशीर झाला तर जबड्याचे हाडही काढावे लागते.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६पासून डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या सेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे उजेडात तपासली. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असा निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा तपासणीचा दिवस भरपगारी मिळावा, ही मागणी आपण मालकांपुढे ठेवू. ती मान्य होईपर्यंत थांबू मात्र नका. बार सोडा, आणि महिन्यातून एकदा आरशासमोर तोंड उघडून नीट पाहा. शेजारच्या साच्यावरील सोबत्यालाही पाहायला सांगा.