वजन, मधुमेह आणि साथीचा ताप

करोनाच्या २०२० मधील साथीने पर्वत पाटियात आम्हां सर्वांपुढे एक प्रश्न ठेवला : एकाच घरात एकाचा ताप सहज उतरतो, दुसऱ्याला प्राणवायू का लागतो? वय हे मोठे कारण खरेच. परंतु स्थूलता व मधुमेह हीही कारणे होत. पोटावरील मेदामुळे श्वासपटलावर दाब येतो, फुप्फुसे पुरती फुलत नाहीत. वाढलेल्या साखरेने रक्तातील पांढऱ्या पेशींचे बळ घटते आणि तापात साखर आणखी चढते. २०२१ मध्ये सुरतेत काळ्या बुरशीने गाठलेल्यांत मधुमेही पुष्कळ होते.

म्हणून सभासद बंधुभगिनींस आमची विनंती : कमरेचा घेर पुरुषांनी ९०, स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत राखावा, रोज चालावे. ताप आल्यास साखर तपासावी. मधुमेहाचे औषध डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.