अंदाज चुकला २७ गुणांनी!

मुलांनो, अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात, गंमतच की नाही! त्यातल्या सर्वांत मोठ्या सामन्याला म्हणतात ‘सुपर बोल’.

तिसरा सुपर बोल १२ जानेवारी १९६९ ला मायामीत झाला. बाल्टिमोर कोल्ट्सनी साखळीतले १४ पैकी १३ सामने जिंकले होते. सट्टेबाज म्हणत होते, कोल्ट्स १८ गुणांनी जिंकणार. न्यूयॉर्क जेट्सच्या जो नेमथनं मात्र आपल्याच विजयाची हमी देऊन टाकली.

निकाल? जेट्स १६, कोल्ट्स ७! १८ नं जिंकणारे ९ नं हरले. म्हणजे अंदाज किती चुकला? २७ गुणांनी!

आता हिशेब मांडू या. जेट्सनी मैदान कापलं ३३७ यार्ड, कोल्ट्सनी ३२४. फरक अवघा १३ यार्डांचा. मग घोडं अडलं कुठं? जेट्सनी चेंडू एकदाच गमावला, कोल्ट्सनी पाच वेळा! त्यातले चार पास तर जेट्सनी मधल्यामध्येच झेलले.

अंदाज कालच्या खेळावरून बांधतात, सामना मात्र आज होतो. म्हणून पैजेच्या नादी लागू नका. आणि परीक्षेआधीच कुणाला ‘तू नापास होणार’ असं म्हणू नका. आम्ही शिक्षकांनीसुद्धा!