यंत्रमाग कामगारांच्या आजारांचे पुरावे शोधताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

1904 मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. पुढे हा धंदा शेजारच्या कबनूरसारख्या गावांमध्येही पसरला. माग चालवणारे, कांडी भरणारे, वहिफणी आणि सायझिंग करणारे हजारो लोक इथे सुताच्या धुळीत आणि मागांच्या खडखडाटात काम करतात. कापसाच्या धुळीमुळे होणारा फुफ्फुसाचा विकार म्हणजे बिसिनोसिस. 1948 च्या कारखाना अधिनियमाखाली त्याचा समावेश कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत झाला. सततच्या आवाजाने ऐकू येणे कमी होते, हेही वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता कोल्हापुरातल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याने 'यंत्रमाग कामगारांच्या श्वसनविकारांबद्दल आजवर काय सिद्ध झाले आहे?' या प्रश्नावर पद्धतशीर आढावा घ्यायचे ठरवले, असे समजू. त्या आढाव्याचा कस पहिल्याच पायरीवर, म्हणजे आधीचे संशोधन शोधण्याच्या पद्धतीवर ठरतो. याच पायरीबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत.

गैरसमज : गूगल स्कॉलरवर शोधले की काम झाले.

वस्तुस्थिती : गूगल स्कॉलर लाखो निकालांचा आकडा दाखवतो, पण प्रत्यक्षात पहिले 1000च पाहू देतो. त्यांचा क्रम कसा लावला हे उघड नसते आणि तोच शोध पुन्हा घेतला तर तेच निकाल मिळतील याची खात्री नसते. आढाव्यातला शोध मात्र दुसऱ्या कोणालाही जसाच्या तसा करून पाहता आला पाहिजे. एखाद्या महत्त्वाच्या लेखाचा पुढे कोणी कोणी संदर्भ दिला हे पाहायला स्कॉलर फार उपयोगी आहे. ते पूरक साधन म्हणून जरूर वापरावे.

गैरसमज : पबमेड पाहिले म्हणजे सगळे पाहिले.

वस्तुस्थिती : पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि तो सर्वांना मोफत खुला आहे. तरीही तो पुरेसा नाही. उपचारांच्या चाचण्यांवरील आढाव्यासाठी मेडलाइन (पबमेडचा गाभा), एम्बेस आणि सेंट्रल हे तिन्ही संग्रह तपासावेत, असे कॉक्रेन संस्था सांगते. आपल्या विषयासाठी जागतिक आरोग्य संघटनेची आग्नेय आशियाची सूची आणि भारतीय प्रबंधांचा 'शोधगंगा' संग्रहही पाहावा लागतो.

अपुऱ्या शोधाची किंमत किती असू शकते, हे 2001 मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दिसले. दम्यावरील एका प्रयोगात हेक्सामेथोनियम हे औषध श्वासावाटे घेतल्यानंतर एलन रोश या 24 वर्षांच्या निरोगी स्वयंसेविकेचा मृत्यू झाला. प्रयोगापूर्वी पाहिलेल्या संगणकीय नोंदी तेव्हा 1966 पर्यंतच मागे जात होत्या. या औषधाने फुफ्फुसाला इजा झाल्याचे लेख मात्र 1950 च्या दशकातच छापून आले होते.

गैरसमज : दोन-तीन नेमके शब्द टाकले की पुरे.

वस्तुस्थिती : इंग्रजीत कोणी 'पॉवरलूम' सलग लिहितो, कोणी तोडून. कोणी विणकर म्हणतो, कोणी वस्त्रोद्योग कामगार. कोणाच्या शीर्षकात बिसिनोसिस असतो, कोणाच्या नुसते 'फुफ्फुसांची कार्यक्षमता', तर कोणी आठवड्याच्या सुट्टीनंतर कामावर आल्यावर छाती आवळते हे लक्षणच नोंदवतो. म्हणून शब्दांचे दोन गट करावेत : एक कामाचा, एक आजाराचा. गटातील पर्याय 'ऑर'ने जोडावेत आणि दोन्ही गट 'अँड'ने. गावाचे नाव मात्र सक्तीचे करू नये. कबनूरमधील कामगारांवरचा अभ्यास 'इचलकरंजी' किंवा 'पश्चिम महाराष्ट्र' या नावाखाली असू शकतो, आणि भिवंडी, मालेगाव, सोलापूर, सुरत इथले निष्कर्षही तितकेच कामाचे आहेत.

मेडलाइनमधील लेखांना 'मेश' नावाची ठरावीक विषयशीर्षके दिलेली असतात. ती वापरावीत, पण केवळ त्यांवर विसंबू नये. मेडलाइनमध्ये नसलेले, म्हणून मेश शीर्षक नसलेले लेखही पबमेडमध्ये असतात आणि त्यांत भारतीय नियतकालिकांतील लेख पुष्कळ आहेत. मेशसोबत साधे शब्दही शोधले तरच ते हाती लागतात.

गैरसमज : हजारो निकाल आले म्हणजे शोध फसला.

वस्तुस्थिती : आढाव्याचा शोध मुद्दाम व्यापक ठेवतात, कारण नको असलेला लेख नंतर वगळता येतो, निसटलेला लेख मात्र कायमचा निसटतो. दुबार नोंदी झोटेरोसारख्या मोफत साधनाने काढाव्यात आणि शीर्षके व सारांश दोघांनी स्वतंत्रपणे चाळावेत. शोध नीट जमला का, हे तपासायची सोपी कसोटी आहे : विषयावरचे आधीच माहीत असलेले चांगले लेख त्यात आले का, ते पाहावे. एखादा आला नसेल, तर का आला नाही हे शोधून शब्दरचना सुधारावी.

गैरसमज : छापून आले तेवढेच संशोधन.

वस्तुस्थिती : 2008 मध्ये नैराश्यावरील औषधांच्या 74 चाचण्यांचा माग काढला गेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे नोंद असलेल्या या चाचण्यांपैकी 31 टक्के कधी छापूनच आल्या नव्हत्या आणि त्यांत औषधाला अनुकूल नसलेल्यांचाच भरणा होता. म्हणून उपचारांवरील आढाव्यात भारताची चाचणी नोंदवही, 2007 मध्ये सुरू झालेली सीटीआरआय, पाहायलाच हवी. कामगारांच्या आरोग्यासारख्या विषयात मोठा ठेवा एमडीच्या प्रबंधांत असतो. त्यातले अनेक महाविद्यालयाच्या ग्रंथालयातच राहतात.

गैरसमज : आता एआयला विचारले की संदर्भ मिळतात.

वस्तुस्थिती : चॅटबॉट अस्तित्वात नसलेल्या लेखांचे संदर्भही खऱ्या नियतकालिकाच्या नावासह बेधडक देतात. पर्यायी शब्द सुचवण्यासाठी त्यांची मदत घ्यावी. संदर्भ मात्र मूळ संग्रहात जाऊन स्वतः पडताळावा.

गैरसमज : 'पबमेडवर शोध घेतला' एवढे लिहिले की झाले.

वस्तुस्थिती : 2021 च्या प्रिझ्मा-एस या नियमावलीत शोधाच्या नोंदीसाठी 16 मुद्दे आहेत. कोणते संग्रह पाहिले, कोणत्या तारखेला, कोणत्या मर्यादा घातल्या आणि नेमकी शब्दरचना काय होती, हे सगळे द्यावे लागते. शोध चालवण्यापूर्वी शब्दरचना दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेण्यासाठी 'प्रेस' ही स्वतंत्र पद्धत आहे. हे काम प्रशिक्षित ग्रंथपाल उत्तम करू शकतो. त्याला फक्त लेख मिळवून देणारा न मानता संशोधनगटात पहिल्या दिवसापासून घेतले पाहिजे.

घाईने केलेल्या शोधाअंती 'पुरावा आढळला नाही' असे वाक्य लिहिले जाते आणि धोरण ठरवणारे त्याचा अर्थ 'धोका नाही' असा लावतात. धूळ खेचणारे पंखे, कानांची वार्षिक तपासणी, आजारी कामगाराची भरपाई या मागण्या अशा एका वाक्याने मागे पडू शकतात. म्हणून प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने आपल्या प्रबंधांची सूची सर्वांसाठी खुली करावी आणि आढावा घेणाऱ्या विद्यार्थ्याला शोधाचे रीतसर प्रशिक्षण द्यावे. कबनूरच्या कामगारांनी आपल्या छातीची आणि कानांची तपासणी करू देऊन संशोधनाला माहिती दिली असेल, तर ती शोधून काढणे हे आढावा लिहिणाऱ्याचे कर्तव्यच आहे.