हुकमी स्मॅशरच्या वाट्याचे चेंडू (लेखांक ६)

धानाची कापणी उरकली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांत कबड्डी आणि व्हॉलीबॉलचे सामने लागतात. गडचिरोली पोलिसांनीही बिरसा मुंडा आणि बाबुराव शेडमाके यांच्या नावाने या खेळांच्या स्पर्धा भरवल्या आहेत. व्हॉलीबॉल पाहणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते: संघात एवढा हुकमी स्मॅशर असताना लिफ्टर दुसऱ्यांनाच चेंडू का उचलून देतो? अमेरिकी फुटबॉलमध्ये पुढे धावत जाऊन लांबचा चेंडू झेलणारा रिसीव्हर असतो. सर्वांत चांगल्या रिसीव्हरबद्दल तिथले प्रेक्षकही हेच बोलतात. ही तक्रार निम्मीच खरी आहे.

स्मॅशरची ताकद एकट्या त्याच्या हातात नसते, समोर किती जण ब्लॉकला उडतात यावरही ती ठरते. चेंडू कुठे जाणार हे कळलं नसेल तर जाळ्यावर त्याच्यासमोर एखादाच पोहोचतो. कळलं असेल तर दोघे-तिघे आधीच उभे असतात. समजा, पन्नासपैकी २० चेंडू त्याला दिले आणि त्याने १२ गुण काढले. पुढच्या सामन्यात हौसेने ३० दिले, ब्लॉक दाट झाला आणि गुण आले १४. सरासरी अजूनही ४७ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ४० टक्के यश मिळवणाऱ्या सोबत्यांपेक्षा सरसच. पण वाढवलेल्या दहा चेंडूंनी दोनच गुण दिले. सोबत्यांनी त्यांतून चार काढले असते. सरासरीकडे बघणाऱ्याला हा तोटा दिसतच नाही. ब्रायन स्किनर या भौतिकशास्त्रज्ञाने २०१० मध्ये बास्केटबॉलबद्दल असाच हिशेब मांडला. त्याची प्रेरणा रस्त्यावरच्या वाहतुकीचं गणित होतं, ही गंमत वेगळीच.

यावर कबड्डीवाले प्रदीप नरवालचं नाव घेतील, आणि ते रास्त आहे. प्रो कबड्डीच्या २०१७ च्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण मिळवले आणि पाटणा पायरेट्स विजेते ठरले. मात्र चढाईला कोण येतोय हे बचाव करणाऱ्यांना तो मध्यरेषा ओलांडतानाच दिसतं. तिथे लपवण्यासारखं काही नसल्यामुळे एकाच गड्याला वारंवार पाठवून गुपित फुटत नाही. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टरची बोटं चेंडूला लागेपर्यंत गुपित टिकतं, आणि त्याच्या खेळाची निम्मी किंमत त्यातच असते. अमेरिकी फुटबॉल या बाबतीत व्हॉलीबॉलच्या जवळचा. २०१२ च्या हंगामात डेट्रॉइटचा रिसीव्हर कॅल्विन जॉन्सन याने चेंडू झेलून १,९६४ यार्डांची मजल मारण्याचा विक्रम केला, तरी संघ १६ पैकी १२ सामने हरला. उलट २०२१ च्या हंगामात रिसीव्हर कूपर कपने १,९४७ यार्ड मिळवले आणि लॉस एंजेलिसचा संघ विजेता झाला. तेव्हा ताऱ्याला चेंडू भरपूर दिले म्हणजे संघ बुडतो, असाही नियम काढता येत नाही. आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही, एवढंच.

आता तक्रारीचा खरा भाग. स्मॅशरला खरोखरच कमी चेंडू मिळतात असे संघ आहेत, पण तिथे दोष बहुधा लिफ्टरचा नसतो. सहा जागांच्या फेऱ्यात तीन वेळा स्मॅशर मागच्या रांगेत जातो आणि तिथून जाळ्यापेक्षा उंच चेंडू मारायचा तर त्याला तीन मीटरच्या रेषेमागूनच उडावं लागतं. पुढच्या रांगेत असतानाही सर्व्हिस नीट उचलली गेली नाही तर लिफ्टर चेंडूमागे धावत सुटतो, आणि मग चेंडू कोणाला द्यायचा ही निवडच उरत नाही. जो जवळ असेल त्याच्याकडे तो ढकलावा लागतो. मातीच्या ओबडधोबड मैदानावर पाय घसरतो, पहिला स्पर्श बिघडतो. म्हणून गुणफलक लिहिणाऱ्याने स्मॅशरचे एकूण चेंडू मोजून भागणार नाही. तो पुढच्या रांगेत होता आणि सर्व्हिस लिफ्टरच्या हातात नीट आली होती, एवढ्याच खेपा वेगळ्या काढाव्यात आणि त्यांतही चेंडू दुसरीकडे गेला का, समोरचा ब्लॉक तेव्हा किती जणांचा होता, हे पाहावं. ब्लॉक एकाचाच असूनही चेंडू पुन्हा पुन्हा दुसरीकडे जात असेल, तर मात्र लिफ्टरला विचारायला हरकत नाही.